चिमा कुंभारणीनं झोप गहाण टाकली

एकदा काय झालं, एका राजाच्या गावात चिमा नावाची कुंभारीण राहायची. एकटी, बरं का. ना नवरा, ना लेकरू. होता तो भुऱ्या, तिचं गाढव. माती आणायला भुऱ्या, मडकी बाजारात न्यायला भुऱ्या आणि मनातलं बोलायलाही भुऱ्याच. हसता काय रे? माणसं तरी कुठे ऐकतात एकमेकांचं?

तर एक दिवस हा भुऱ्या राजाच्या बागेत शिरला आणि सगळी शेवंती फस्त केली. मग काय! शिपायांनी त्याला धरून कोंडवाड्यात घातलं. चिमा धावत गेली.

शिपाई म्हणाला, "तीन रुपये दंड भर. दिवेलागणीच्या आत. नाहीतर लिलाव. तो बघ, दगडखाणीवाला येऊन बसलाय."

खाणीवर गेलेलं गाढव वर्षभरही जगत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. घरात फुटकी कवडी नव्हती.

मग तिनं पितळेची घागर उचलली आणि वाण्याकडे गेली. घागर चार रुपयांची. पण वाण्यानं तिच्या कपाळावरचा घाम बघितला आणि एकच रुपया टेकवला. तिनं मुकाट्यानं घेतला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ना, तसं.

मग ती आव्याकडे पळाली. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, बरं का. आत शंभर मडकी होती, पण आवा निवायला आणखी दोन दिवस हवे होते. जन्मभर मडकी केलेली बाई, तिला कळत नव्हतं होय? पण जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं राख उकरली आणि एक मडकं ओढून काढलं. वारा लागला मात्र, तडाक! दोन तुकडे. तिनं पटकन राख परत लोटली आणि डोक्याला हात लावला. ऊन कललं होतं.

मग ती गेली डोहावर. त्या डोहातला देव अडल्यानडल्याला पैसे द्यायचा, पण गहाण घेऊन.

"देवा, दोन रुपये दे रे," चिमा रडत म्हणाली.

पाण्यातून आवाज आला, "गहाण काय ठेवतेस?"

"माझ्याकडे काहीच नाही रे बाबा."

"झोप आहे ना? ती ठेव. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत सोडव. नाहीतर झोप कायमची माझी."

झोप तर झोप! चिमानं हो म्हटलं. काठावर दोन रुपये आले. लिलावाची बोली चालू होती, तेवढ्यात ती पोचली आणि भुऱ्या सुटला.

पण मग? रात्री तिचा डोळा लागेना. दुसऱ्या रात्रीही तेच. डोळे लाल आणि मनात एकच घोर, आता जन्मभर असंच झालं तर? घटकेघटकेला वाटायचं, आवा उघडावा. पण नाही उघडला हो तिनं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी आवा निवला. कशी खणखणीत मडकी निघाली! भुऱ्यावर लादली, बाजारात विकली आणि दोन रुपये मुठीत घेऊन ती डोहावर आली. सूर्य टेकायला आला होता.

"देवा, घे तुझे पैसे!"

तिनं तीनदा हाका मारल्या. नुसते बुडबुडे येत होते. अगं बाई! देव तिचीच झोप पांघरून ढाराढूर घोरत होता! आता काय करावं? सूर्याची कड तेवढी उरली. चिमा भुऱ्याच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली.

भुऱ्याला ते काही सोसलं नाही. त्यानं मान वर केली आणि असा ओरडला, असा ओरडला, की मासे उडून काठावर पडले.

देव दचकून उठला. "कोण आहे रे ते? कित्येक युगांनी डोळा लागला होता!"

"पैसे घे, झोप दे," चिमा म्हणाली.

देव कुरकुरला. पण सूर्य अजून बुडाला नव्हता आणि शब्द म्हणजे शब्द. दिली झोप.

आणि काय सांगू, चिमा उभ्या उभ्याच पेंगली! मग भुऱ्या खाली बसला, ती त्याच्या पाठीवर आडवी झाली आणि त्यानं तिला अलगद घरी नेलं. पुढे दोघं सुखानं राहिली.

चला, बाळांनो. तुमची झोप काही कुणाकडे गहाण नाही. मिटा डोळे.