कावडीची दोन मडकी

एकदा एक तरणा कोळी दूरच्या गावाहून एका वृद्ध गुरूकडे आला. दुष्काळात त्याच्या गावचे तळे आटून सगळे मासे मेले होते. आता तळे भरले होते, पण नुसत्या पाण्यावर कोळ्याचे घर चालत नाही. वृद्धाकडे माशांची पिल्ले होती आणि ती जगवण्याची विद्या होती. तरण्याने राहून विद्या घेतली. पावसाळा सरत आला. ही पिल्ले वाटेत मेली, तर वर्षभर दुसरी मिळणार नव्हती.

निघण्याच्या आदल्या दिवशी वृद्धाने तळ्यातली पिल्ले जाळ्याने गोळा केली आणि काठाजवळच्या पाण्यात कापडाच्या दोन लहान कोंडवाड्यांत दाटीने कोंडली. खायला कोंडा टाकणे बंद केले. मधूनमधून तो कापड उचलून दाटी आणखी वाढवी, मग सैल सोडी. पिल्ले वर येऊन तोंडे उघडू लागली.

"बाबा, जीव गुदमरतोय त्यांचा," शिष्य म्हणाला.

"थोडा गुदमरू दे. कोंड्याला हात लावू नकोस."

कोंड्याची पोती घेऊन आलेला एक व्यापारी हे ऐकत होता. तो शिष्याच्या कानाशी लागला.

"तुझ्या तळ्यात मासे झाले, तर तू पुन्हा याच्या दारात येशील का? म्हातारा खुळा नाही. वाटेत मेली, की म्हणेल, नेणाऱ्याला नेता आली नाहीत."

शिष्याला मग सगळेच खटकू लागले. म्हातारा कोंडवाड्यापासून हलत का नाही? कमी का बोलतो? चांगली पिल्ले दुसऱ्या कोणासाठी राखली असतील काय?

दुपारी वृद्धाला एका कोंडवाड्यापाशी बसल्या जागी डुलकी लागली. शिष्याने दुसऱ्या कोंडवाड्याचे कापड सैल केले आणि आत ओंजळभर कोंडा टाकला. पिल्ले त्यावर तुटून पडली. त्याला बरे वाटले.

सकाळी एकेका कोंडवाड्यातली पिल्ले एकेका मडक्यात भरली. शिष्याने कावड खांद्यावर घेतली. वृद्धही सोबत निघाला. उन्हे चढली तसे पुढच्या मडक्याला वास येऊ लागला. पिल्ले वर येऊन धडपडली, मग उलटी तरंगू लागली. मागच्या मडक्यात ती तळाशी शांत होती.

शिष्याने कावड उतरवली. "बाबा, यात तुम्ही काही घातलेत का?"

वृद्धाने मडक्यात हात घालून तळाचा गाळ तळहातावर घेतला. त्यात कोंडा होता.

"मी नाही घातला," तो म्हणाला. "मडक्यात हवा थोडी असते. भरल्या पोटाचा मासा ती जास्त ओढतो आणि पाणीही नासवतो. काल मी त्यांना टंचाईची सवय लावत होतो. टंचाई हळूहळू आली, तर देहाचा कण न् कण आपली चूल मंद करतो आणि थोड्या हवेत भागवायला शिकतो. एकदम आली, तर मासा मरतो. फार वेळ राहिली, तरी मरतो. म्हणून मी तिथून उठत नव्हतो."

"आधी का नाही सांगितलेत?"

"तू विचारलेस कुठे? तू त्या कोंडेवाल्या शेठचे ऐकलेस."

शिष्याने पुढचे मडके वाटेतच रिकामे केले. उरलेले मडके घेऊन तो आपल्या तळ्यावर पोचला. पिल्ले लगेच ओतली नाहीत. तळ्याचे पाणी ओंजळीने थोडे थोडे मडक्यात घालत तो त्यांना नव्या पाण्याची सवय होण्याची वाट पाहत बसला. हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

वृद्ध दूर झाडाखाली त्याच्याकडे पाठ करून झोपला होता.

ज्याच्याविषयी संशय येतो, प्रश्न त्यालाच विचारावा.