दहावा आठवडा

ही गोष्ट कुणाला सांगायची नव्हती. ज्यांची आहे, त्यांनीच तसं बजावलं होतं.

“दहा आठवडे झाले, सर. आज नव्या दाताचा स्क्रू हाडात बसवून टाकायला काय हरकत आहे?”

खुर्चीत आडवे पडून हे विचारणारे मकरंद टाकळीकर स्वतःच दातांचे नावाजलेले डॉक्टर. प्रश्न होता त्यांच्या म्हाताऱ्या गुरूंना, मिरजेच्या अत्तारसरांना. मकरंदची फुटलेली दाढ सरांनीच काढली होती, आणि नवा दात बसवता यावा म्हणून खड्ड्यात हाडाची पूड भरून वर टाके घातले होते.

सरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला.

“पांढरंशुभ्र भरलंय,” मकरंद म्हणाले. “बघा ना.”

“बघतोय. हे पांढरं तुझं आहे?”

“...नाही. तुम्ही भरलेलं.”

“मग तुझं कुठंय?”

मकरंद हसले. “सर, अजून तोंडी परीक्षाच घेताय का? ठाऊक आहे मला. पूड नुसती जागा धरून ठेवते. आपलं हाड आतून सावकाश येतं.”

“पेशंटला किती महिने सांगतोस?”

“चार. कधी सहा.”

“आणि स्वतःला अडीच! डॉक्टर झाल्याचा एवढा तरी फायदा हवाच.”

मकरंद उठून बसले.

“महिनाअखेर मी मस्कतला चाललोय, सर. दवाखाना विकला. मुलगी साताऱ्याला आत्याकडे राहील. वृषालीच्या साड्या, पुस्तकं, सगळं देऊन टाकलं. एवढी एक दाढ राहिलीय. आटपून टाकू.”

वृषाली म्हणजे त्यांची पत्नी. पौषात गेली. तीही सरांचीच विद्यार्थिनी. अठरा वर्षं ती दवाखान्यात नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली होती.

“दाढ फुटली कशाने?”

“झोपेत. दात आवळून.”

“कधीपासून आवळतोस?”

“तुम्हाला ठाऊक आहे, सर.”

“रडलास का रे?”

“वेळ कुठे होता? चौदाव्या दिवशी पेशंट बघायला बसलो. विचारा कुणालाही. मी सावरलोय.”

सरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, “ऊठ तिथून. माझीच एक वरची दाढ ठणकतेय. बघ जरा.”

सर खुर्चीत टेकले. मकरंद स्टुलावर बसले, दिवा खाली ओढला. काम समोर आलं तसा त्यांचा चेहरा सैल झाला.

“आ करा. अजून थोडा... हं.”

नजर सरांच्या तोंडात होती. डावा हात आपोआप बाजूला गेला. तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, आरसा घेण्यासाठी.

हात तसाच राहिला.

आरसा ट्रेमध्ये होता आणि ट्रे खुर्चीच्या पलीकडे. तिथून उचलून हातात ठेवणारं कुणी नव्हतं. आपल्या दवाखान्यात त्यांनी ट्रे केव्हाच स्वतःजवळ ओढून घेतला होता. इथे ते विसरले.

मकरंदना आपला हात दिसला. त्यांनी तो मागे घेतला नाही.

सर तोंड उघडं ठेवून निमूट पडून होते.

मग जे रडू आलं, ते फार मोठ्याने आलं. बाहेरच्या बाकावर बसलेली मकरंदची मुलगी धावत दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. बाबांचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

बऱ्याच वेळाने मकरंदनी बाहीला तोंड पुसलं.

“माफ करा, सर. तुमची दाढ...”

“माझ्या दाढेला काय धाड भरलीय?”

सर उठले. टेबलावरचं मकरंदचं कार्ड त्यांनी पुढे ओढलं, चष्मा लावला आणि त्यावर लिहिलेले दहा आठवडे एका रेघेने खोडून टाकले.

“मग... स्क्रू कधी, सर?”

“मोजायला लाग,” सर म्हणाले. “आज पहिला दिवस.”