नवरीचं पहिलं पाऊल

फार फार वर्षांपूर्वी रोम नगरीतल्या एका घराचा उंबरठा सकाळपासून हरखून गेला होता. आज नवी सून वीबिया येणार, तिचं पहिलं पाऊल आपल्यावरच पडणार! वाजतगाजत वरात आली आणि लोकांनी नवरीला अलगद उचलून थेट आत नेलं.

"माझ्यावर पाय टेकला असता तर काय बिघडलं असतं?" उंबरठा कवाडावर डाफरला.

"अरे, नवरी दारातच अडखळली तर अपशकुन मानतात," कवाड म्हणालं. "मग जन्मभर तुलाच बोल लावतील."

दुसऱ्या सकाळी पाण्याला निघालेल्या वीबियाला नेमकी उंबरठ्याचीच ठेच लागली! तिनं घाबरून इकडेतिकडे पाहिलं, मग खाली बसून त्याच्यावर हात ठेवला.

"कुणाला सांगू नकोस हं," ती कुजबुजली.

उंबरठ्याला साऱ्या रोमला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तो आजतागायत गप्प आहे.