विपुलेचे सूप

फार पूर्वी वेत्रपुरात अरिंदम राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका बुरुडाच्या घरी जन्माला आले होते. ते सुपे-टोपल्या विणीत आणि त्यांची पत्नी विपुला भविष्य सांगे. मूठभर तांदूळ सुपात घेऊन ती पाखडी आणि मागे उरलेल्या दाण्यांची नक्षी वाची. त्या नगरातल्या भविष्य सांगणाऱ्या बायकांचा एक नेम होता. जिला काही दिसले नाही, तिने सूप चुलीत घालायचे आणि पुन्हा कधी भविष्य सांगायचे नाही. म्हणून ‘दिसत नाही’ असे कोणी म्हणतच नसे.

एका सकाळी मंदारी नावाची विधवा आली. तिचा मुलगा सुयाम तांड्याबरोबर वाळवंटापलीकडे गेला होता, आणि तांडा त्याच्यावाचूनच परतला होता. सुनेचे वडील तिला न्यायला येऊन बसले होते.

“बाई, एवढंच सांग, तो आहे का? आहे म्हणालीस तर सुनेला मी माहेरी जाऊ देणार नाही.”

विपुलेने पाखडले. दाणे नुसतेच विखुरले, नक्षी म्हणावी असे काही उमटलेच नाही. अंगण बायकांनी भरलेले होते आणि दुसऱ्याच दिवशी राणीने तिला बोलावले होते. विपुलेने दाणे गोळा करून पुन्हा पाखडले; पुन्हा तेच.

दाराशी बांबू सोलत बसलेले बोधिसत्त्व हळूच म्हणाले, “विपुले, दिसत नसेल तर तसं सांग. माझ्या टोपल्यांवर भागेल आपलं.”

“दादा, तुम्ही आपल्या कामट्या सोला!” एक बाई म्हणाली आणि सगळ्या खो-खो हसल्या. त्या हसण्याने विपुला दचकली आणि बोलून गेली, “गेला तो. वाट पाहू नकोस.”

मंदारीने मुलाचे क्रियाकर्म केले. सून माहेरी गेली, आणि पुढे तिचे दुसरे लग्न झाले.

मग एका दुपारी सुयाम परतला. वाटेत तापाने पडला होता, आणि पुढे दुसरा तांडा मिळेपर्यंत अडकून राहिला होता.

“आई, दार उघड ना.”

क्रियाकर्म झालेला माणूस दारात आला तर ते भूतच, असे तिथे सारे मानीत. भूत पळावे म्हणून मंदारीने खिडकीतून मोहरी फेकली. “जा रे बाळा, जा! पिंड दिला ना तुला? अजून काय राहिलं तुझं?” म्हणत ती रडत होती.

लोकांनी दगड उचलले. कोणी विपुलेला सुपासकट ओढून आणले. “सांग, माणूस आहे की भूत?”

तिच्या मागोमाग आलेले बोधिसत्त्व पुढे झाले. सुयामजवळच्या भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी ते न भिता प्याले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. “मारायचं तर दोघांना मारा,” एवढेच ते बोलले. मग त्यांनी पत्नीकडे पाहिले.

विपुलेने सूप मोडले आणि शेजारणीच्या ओसरीवरच्या पेटत्या चुलीत घातले. त्या सकाळीही तिला काही दिसले नव्हते, हे सगळ्यांना कळले. हातातले दगड खाली पडले आणि दार उघडले.

मंदारीने मुलाला पोटाशी धरले, जेवायला बसवले. पहिल्या घासाला त्याने विचारले, “ती कुठंय?” मंदारीचा वाढता हात थांबला. सुनेला तेव्हा दुसऱ्या घरी मूल झाले होते.

त्यानंतर वेत्रपुरात कोणी त्या बुरुडाची सुपे घेईना. बोधिसत्त्व पत्नीला घेऊन गाव सोडून गेले. त्यांनी तिला कधी बोल लावला नाही. आपण त्या सकाळी इतके हळू का बोललो, ही खंत मात्र त्यांच्या मनातून गेली नाही.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या भिक्षूंना म्हणाले, “तेव्हाची विपुला ती आजची भिक्षुणी शुभंकरा. मंदारी ती उपासिका चित्रसेना. तो बुरूड मीच होतो. आणि सुयाम म्हणजे हा भिक्षू कौमुद. भिक्षेला गेला की तो अजूनही उंबऱ्यापासून लांब उभा राहतो. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे वेळीच म्हणणे, हीही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णताच आहे.”