हळदीच्या गाण्याचा धनी

जिथे जिथे गाणी वाजतात तिथून पैसे गोळा करून ते गीतकार-गायकांना वाटणारी एक संस्था होती. तिच्या सभेत कौसल्याबाई भंडारे उभ्या राहिल्या. त्यांनी रचलेलं, त्यांनीच पहिल्यांदा गायलेलं हळदीचं गाणं घरोघरच्या लग्नांत वाजायचं, पण रॉयल्टी कधी आलीच नव्हती.

अध्यक्ष टिपणीससाहेब हसले. "बाई, ते लोकगीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्याला कुठला आलाय धनी?"

"बरं साहेब. मग सगळे मिळून एकदा म्हणूया की."

सभागृहातल्या शेकडो गायकांनी गाणं उचललं. साहेबही रंगले. दुसऱ्या कडव्यात 'नवरी' म्हणायच्या आधी सगळ्यांनी एकदमच उचकी दिली.

"ही उचकी कशाला हो?" बाईंनी विचारलं.

"अहो, चालीतच आहे ती!" साहेब म्हणाले.

"कसली चालीत? रेकॉर्डिंगच्या वेळी मला लागली होती, अन् स्टुडिओवाल्यानं पुन्हा गाऊ दिलं नाही. माझ्या आधी हे कुणी गायलं असतं, तर एकाच्या तरी गळ्यात ते बिनउचकीचं उरलं असतं ना?"

साहेब ओठांतल्या ओठांत गाणं बिनउचकीचं म्हणून पाहू लागले. जमेना. शेवटी ते उठले आणि त्यांनी बाईंना हात जोडले.