एकशे बारा संगणक आणि एक सही

जिल्ह्याच्या एका कचेरीत नवे साहेब आले. माणसं हातात फाइल घेऊन धावताना दिसली, तरच कचेरीत काम चाललंय असं त्यांना वाटे. कंत्राटी तंत्रज्ञ हेमांगी सोनटक्के हिने मात्र कचेरीतल्या एकशे बारा संगणकांवर नवं ऑफिस सॉफ्टवेअर नेटवर्कवरून, आपल्या टेबलाशी बसूनच, डबा खायच्या आत बसवून टाकलं.

साहेबांनी तिला बोलावलं. समोर तिच्या मुदतवाढीचा कागद होता.

“बाई, सकाळपासून तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. याला काम म्हणायचं? मुदतवाढ कशी देऊ?”

हेमांगीचं घर त्याच नोकरीवर चाललं होतं. पण जीभ शाबूत होती.

“साहेब, काल तुम्ही एका सहीत चाळीस जणांच्या बदल्या केल्यात. तेव्हा तुम्ही तरी कुठे उठला होतात?”

शेजारी उभ्या हेडक्लार्कांनी फाइलमागे तोंड लपवलं.

“आणि माझा प्रोग्राम प्रत्येकाला आधी विचारतो,” ती हळूच म्हणाली, “‘आता बसवू की नंतर?’ नंतर म्हटलं, तर थांबतो.”

साहेबांनी बदल्यांची यादी पुढे ओढली.

“त्या चाळिसांत ‘नंतर’ कोण म्हणालं असतं?”

“आवक-जावकच्या वसेकरबाई. मुलगी दहावीला आहे.”

साहेबांनी मुदतवाढीवर सही केली. मग बदल्यांच्या यादीत वसेकरबाईंच्या नावापुढे ‘परीक्षेनंतर’ असं लिहिलं आणि यादी हेडक्लार्कांपुढे धरली.

“उरलेल्या एकोणचाळीस जणांनाही विचारून या.”

हेडक्लार्क इतक्या लगबगीने निघाले, की चष्मा टेबलावरच राहिला.