पाठ न दाखवणारा अंगरखा

चिंचोळगडाच्या पायथ्याला म्हाळू नावाचा एक शिंपी राहायचा. भोळा होता. म्हणजे गाव त्याला भोळा म्हणायचं. त्याची बायको सगुणा दुसरा शब्द वापरायची, तो इथं सांगण्यासारखा नाही. हात मात्र सोन्याचा. शोधून एक टाका वाकडा सापडायचा नाही. अडचण एवढीच, की सांगाल ते शिवायचा. सांगाल तेच शिवायचा. पंचक्रोशीत दुसरा शिंपी नव्हता, म्हणून गाव त्याच्याशी जपून बोलायचं.

गडावरची माणसं जपून बोलत नसत. मोठी माणसं ती.

गडावर पंचवीस शिपाई होते आणि त्यांच्यावर एक किल्लेदार, हैबतराव. गडाखाली खिंड. खिंडीच्या अलीकडं गाव, पलीकडं लुटारूंचा मुलूख. दसऱ्याच्या सुमाराला खळ्यावर बाजरी आली की लुटारू यायचे. बाजरी पिकवायचे कष्ट गावानं करायचे, न्यायचे कष्ट ते करायचे. फार जुनी रीत होती.

मागच्या वर्षी शिपायांना लाल बनातीचे जाड लोकरी कपडे होते. दरबारातल्या कुणा शहाण्यानं ठरवलेले. गळ्यापर्यंत पितळी गुंड्या, काखेत आवळ, आणि रंग असा की पलीकडच्या डोंगरावरनं शिपाई मोजून घ्यावेत. उन्हात दोघं उभ्या उभ्या भोवळ येऊन पडले. बाकीच्यांना भाला उचलायला वाकता येईना. पळता मात्र आलं, कारण पळायला वाकावं लागत नाही. किल्लेदार सगळ्यांच्या आधी गावात पोचले. गावाला सावध करायला, असं त्यांनी मागनं सांगितलं. लुटारूंनी बाजरी नेली, सतरा बैल नेले आणि वाटेत पडलेल्या चार लाल टोप्या पोरांना खेळायला नेल्या.

होळीला किल्लेदारांनी ते सगळे लाल कपडे जाळले. दोष कपड्यांचाच होता ना. मग श्रावण सरल्यावर त्यांनी म्हाळूला गडावर बोलावलं.

"म्हाळू, यंदा रानात वावरता येईल असे कपडे शीव," किल्लेदार म्हणाले. "मातीचा रंग. मांडी घालता आली पाहिजे, कड्यावर चढता आलं पाहिजे. आणि ऐसपैस हवेत. एकेकात दोन माणसं मावली पाहिजेत."

"मावतील, जी," म्हाळू म्हणाला.

घरी सगुणा वाटच बघत होती. "नीट ऐकून आलात ना? माझा एकुलता एक भाऊ त्या कपड्यांत खिंडीत उभा राहायचाय. कपड्यापायी रायाजीला काही झालं, तर ह्या घराचं दार तुम्हाला बंद."

म्हाळू घाबरला. आणि घाबरला की तो सांगितलेलं जास्तच मन लावून करायचा.

त्यानं बाभळीच्या सालीत कापड रंगवलं. रंग असा उतरला की वाळत घातलेल्या कापडावरनं सगुणा माती समजून दोनदा चालत गेली. मग त्यानं शिवायला घेतलं, आणि पंधरा दिवसांनी गाठोडं गडावर पोचलं. गाठोड्यात तेरा अंगरखे निघाले. प्रत्येकाला गळे दोन, बाह्या चार.

हुकूम तो हुकूम. शिपाई जोडीजोडीनं आत शिरले. कवाईत सुरू झाली. एक डावीकडं वळे, दुसरा उजवीकडं, आणि दोघं मिळून खाली बसत. एकाचं पोट बिघडलं होतं, त्याच्या जोडीदाराला दिवसभर उगीचच परसाकडला जावं लागलं. रायाजी तेवढा मजेत होता. पंचविसावा असल्यानं त्याच्या अंगरख्यात तो एकटाच होता, आणि दुसऱ्या गळ्यात त्यानं भाकरी बांधून ठेवली होती.

"हे काय आहे?" किल्लेदारांनी विचारलं.

"दोन माणसं मावतात, जी. तीन नाही मावायची."

"अरे मूर्खा, एकात एकच माणूस. दुसरं काही म्हणजे काही आत शिरता कामा नये. रान आहे ते, किडा-मुंगी असते. मुंगीसुद्धा आत शिरता कामा नये."

"बरं, जी. आता तसं करतो."

म्हाळूनं सगळं उसवलं. कापलेल्या कापडाचे काठ थोडे विरले, पण कामाला तो कधी कंटाळला नाही. अंगरख्याचा गळा शिवून टाकला. बाह्यांची तोंडं शिवली. तुमानीचे दोन्ही पाय शिवले आणि कंबर पण शिवली. मग एक जोड वारुळावर नेऊन ठेवला आणि दिवसभर शेजारी बसून राहिला. एक मुंगी आत गेली नाही. म्हाळूला फार समाधान वाटलं.

गडावर रायाजीनं तुमान उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरून बघितली. "दाजी, ह्यात शिरायचं कुठनं?"

"शिरायचं नाहीच. तसा हुकूम आहे."

किल्लेदारांनी डोळे मिटून घेतले. "मुंगी शिरत नाही, हे मला मान्य आहे. माणूस कुठनं शिरणार?"

"ते मी विचारणारच होतो, जी. पण तुम्ही रागात होता."

"हे बघ. शिपायासाठी शिवशील त्या प्रत्येक गोष्टीला आत जायला एक तोंड पाहिजे आणि बाहेर यायला एक. जे आत गेलं ते दुसरीकडनं बाहेर निघालं पाहिजे. एवढं कळतं का?"

"कळलं, जी. आता तसं करतो."

आणि काय सांगावं, ह्या खेपेला कपडे उत्तम झाले. सैल, मऊ, मातीच्या रंगाचे. काखेत ओढत नव्हते, गुडघ्याला अडत नव्हते, गुंडी चमकत नव्हती. असा कपडा त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. तिथंच थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण चांगलं झालेलं काम वरच्या माणसाला बघवत नाही. त्यात आपली एक सूचना घातल्याशिवाय त्याला ते आपलं वाटत नाही.

"खिसे लाव," किल्लेदार म्हणाले. "रानात दोन दोन दिवस काढायचे तर फुटाणे आणि गूळ जवळ पाहिजे. माणशी चार खिसे."

म्हाळूनं माणशी चार खिसे लावले. प्रत्येकाला वर एक तोंड, खाली एक तोंड.

शिपायांनी खिसे भरले आणि गावाला एक फेरी मारली. रुबाबात मारली. फेरी संपली तेव्हा खिशात काही नव्हतं आणि पलटणीच्या मागं गावातल्या चौदा कोंबड्या ओळीनं चालत होत्या.

"खिशाला खालचं तोंड कशाला?" किल्लेदारांचा आवाज बसला होता.

"आत जायला एक, बाहेर यायला एक. फुटाणे गेले आत, आले बाहेर. बरोबर झालंय, जी."

"लुटारूंना आमचा माग काढायलाच नको. कोंबड्या आणून पोचवतील." किल्लेदार मटकन खाली बसले. "म्हाळू, आता शेवटचं ऐक. लढाईत ज्याचा उपयोग नाही, ते शिवायचंच नाही. उगीच कापड जातं. समजलं?"

"समजलं, जी. आता तसं करतो."

दसरा चार दिवसांवर आला होता. सगुणानं नवऱ्याला समोर बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "खिशांची खालची तोंडं तेवढी शिवा. बाकी कशाला हात लावू नका. डोकं तर बिलकूल लावू नका."

म्हाळूनं ऐकलं असतं. बायकोचं तो नेहमी ऐकायचा. पण त्याच सांजेला देवीच्या देवळापुढं किल्लेदारांचं भाषण झालं.

"चिंचोळगडाच्या शिपायानं शत्रूला कधी पाठ दाखवलेली नाही," किल्लेदार म्हणाले. "यंदाही दाखवणार नाही. आणि आमच्या घराण्याचं म्हणाल, तर सात पिढ्यांत कुणी पाठ दाखवलेली नाही."

गाव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिलं. ज्यांचे बैल गेले होते त्यांना खोकला आला. सबंध गावात त्या भाषणावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला. तो उठला, घरी गेला आणि त्यानं कात्री घेतली.

पाठ दाखवायचीच नाही, तर पाठीला कापड कशाला?

पंचवीस अंगरख्यांच्या पाठी त्यानं कापून काढल्या. तुमानींचं मागचं अंगही काढलं. ते कापड कोपरांना आणि गुडघ्यांना दुहेरी लावलं, कारण खडकावर तिथंच झिजतं. अगदी विचार करून केलं बिचाऱ्यानं. मागं नुसते बंद ठेवले, मानेला एक, कमरेला एक, गुडघ्याला एकेक. किल्लेदारांचा दसऱ्याचा जरीचा पोशाखही त्याच्याकडंच होता. सात पिढ्यांचा मान म्हणून त्यातला एक बंदही कमी केला.

दसऱ्याला सकाळी गाठोडं गडावर गेलं. नवे कपडे मिळणार म्हणून शिपायांनी अंगावरची धोतरं परटाला देऊन टाकली होती. परत मागवेपर्यंत ती नदीवर भिजलीसुद्धा.

"दाजी," रायाजी दबक्या आवाजात म्हणाला, "मागनं वारा लागतोय."

"हवेशीर कपडाच पाहिजे रानात," म्हाळू म्हणाला.

किल्लेदारांना त्यांच्या नोकरानं पोशाख चढवला. नोकराला सगळं दिसलं. पण त्या गडावर किल्लेदारांच्या पाठीमागं बोलायची रीत होती, पाठीविषयी बोलायची नव्हती. त्यानं वरनं एक शेला पांघरला आणि तोंड मिटलं. किल्लेदार घोड्यावर बसले, त्यांना खोगीर जरा गार लागलं, आणि म्हाळूला एकदाचं काम जमलं असं ते म्हणाले.

दुपारी सगळं गाव सीमोल्लंघनाला खिंडीत जमलं. बायका ओवाळायला ताटं घेऊन आल्या. शिपाई आधीच उभे होते, कड्याला पाठी चिकटवून, एका ओळीत. ओवाळून घ्यायलाही कुणी पुढं येईना. सगुणानं भावाला हात धरून ओढलं, तर तो पालीसारखा दगडाला धरून राहिला. त्याच्यासाठी पाहिलेल्या मुलीची आई तिथंच ताट घेऊन उभी होती, हे लक्षात घ्यायला हवं.

तेवढ्यात पलीकडनं धुरळा उठला. यंदा लुटारू जरा लवकर आले. साठ घोडी.

एरवी एवढ्या वेळात रायाजी घराची कडी लावून बसला असता. पण पळायचं म्हणजे कडा सोडायचा, आणि कडा सोडायचा म्हणजे होणाऱ्या सासूसमोर सोडायचा. त्यानं डाव्या-उजव्या बाजूला बघितलं. चोवीस जणांच्या तोंडावर तोच हिशेब होता. कुणी हललं नाही. एकाच्या नाकावर गांधीलमाशी बसली, तरी त्यानं हात उचलला नाही.

लुटारूंच्या म्होरक्यानं लगाम खेचला. मागच्या वर्षी ही माणसं पळताना दिसली होती. यंदा पंचवीस जण दगडाला दगड होऊन उभे. डोळ्यांत पाणी, पण पापणी हलत नाही.

"ह्यांनी मागं काहीतरी लपवलंय," म्होरक्या म्हणाला.

खरंच लपवलं होतं.

ह्या घटकेला किल्लेदारांनी आपल्या घराण्याला शोभेल असं केलं. त्यांनी घोडं वळवलं आणि गावाला सावध करायला निघाले. गाव तिथंच उभं होतं, पण सवय ती सवय. टाच मारली, रिकिबीत उभे राहिले, आणि शेला बाभळीला अडकून तिथंच राहिला.

साठ लुटारूंनी पाहिलं. पंचवीस शिपायांनी पाहिलं. ताटं घेतलेल्या सगळ्या बायकांनी पाहिलं, आणि देवीच्या पुजाऱ्यानं जप थांबवून पाहिलं. सात पिढ्या झाकून ठेवलेली गोष्ट ऊन पडून लख्ख दिसत होती.

आधी म्होरक्या हसला. मग साठच्या साठ हसायला लागले. पोट धरून हसताना हातातले लगाम सुटले, दोघं घोड्यावरनं खाली आले. रायाजीच्या ध्यानात आलं की अख्खं गाव किल्लेदारांकडं बघतंय, आपल्याकडं बघायला कुणाला सवड नाही. त्यानं भाला उचलला. नव्या कपड्यात वाकता येत होतं, धावता येत होतं, आणि हवा तर भरपूर खेळत होती. पंचवीस जण ओरडत सुटले. हसणाऱ्या माणसाला लढता येत नाही. लुटारू घोडी सोडून पळाले, बाजरी खळ्यावर राहिली, आणि सगुणा ताट टाकून भाऊ जिवंत आहे म्हणून रडत बसली.

दुसऱ्या दिवशी किल्लेदारांनी म्हाळूला बोलावलं. ते घोंगडी पांघरून बसले होते.

"पाठ कुठं गेली?"

"तुम्हीच म्हणाला होता, जी. सात पिढ्यांत कुणी पाठ..."

शिक्षा करावी, तर पाठ दाखवली हे कबूल करावं लागतं. "झालं ते झालं," किल्लेदार दात खाऊन म्हणाले. "चार दिवसांनी दरबारचे कारभारी येतायत, विजयाबद्दल माझा मान करायला. नवा पोशाख शीव. आणि ह्यापुढं माझ्या कपड्यात मुख्य म्हणजे पाठ. पाठीत काही कमी पडलं तर बघ."

"बरं, जी. आता तसं करतो."

चार दिवसांनी भरल्या सदरेवर, कारभाऱ्यांसमोर, शिपायांसमोर, गावासमोर गाठोडं सोडलं. काय ती पाठ होती. मानेपासून टाचेपर्यंत दुहेरी कापड, आत कापूस, वर जर, काठाला गोंडे. कारभारी वा वा म्हणाले. किल्लेदारांनी पोशाख उचलून आपल्या अंगाला लावला, आणि त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या बाजूला दोन बंदांपलीकडं काही नाही.

"पुढचं कापड कुठंय?"

म्हाळूनं हात जोडले. "लढाईत ज्याचा उपयोग नाही ते शिवायचं नाही, तुम्हीच म्हणाला होता. साठ लुटारूंना विचारून बघा, जी. तुमची पुढची बाजू कुणीच पाहिलेली नाही."

सदरेवर कुणी हसलं नाही. कारभाऱ्यांनी पोशाख हातात घेऊन उलटसुलट पाहिला. टीप मात्र अगदी सरळ होती.